दाजींचा राग आणि आक्काची भाकरी

नांदगावच्या आमच्या शाळेत दुसरा तास चालू असताना हेडमास्तरांनी मला बोलावून फोन हातात दिला. पलीकडून आक्काचे शेजारी बोलत होते. "मास्तर, तुमचे दाजी गेले. सकाळी फिरून येताना पुलाच्या कठड्यावर टेकले, ते उठलेच नाहीत..." मी फोन ठेवला आणि माझी जीभ आपोआप वरच्या दातांमधल्या रिकाम्या जागेकडे गेली. तो दात दाजींनीच पाडला होता. दाजींना जाऊन आता महिना उलटून गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढंच लिहावं, असं मला दोघातिघांनी सुचवलं. पण दाजींचा राग गाळून दाजी सांगताच येत नाहीत.

माझी थोरली बहीण आक्का, तिचे मालक विश्वनाथदाजी. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते कोळशाच्या विभागात होते. तालमीतलं शरीर, मनगट माझ्या पोटरीएवढं. मूळ गाव मालेगावकडचं. लहानपणी विहिरीला शिवल्याबद्दल त्या गावानं त्यांना झाडाला बांधून मारलं होतं. समोरच्याचा हात उठायच्या आत आपला पडला पाहिजे, एवढं एकच शिक्षण गावानं त्यांना दिलं. पुढं धम्मदीक्षा झाली, नोकरी लागली, नाशिकरोडला कॉलनीत खोल्या मिळाल्या, पण ते शिक्षण काही पुसलं नाही. ट्रक ड्रायव्हरनं शिवी दिली म्हणून त्याला केबिनमधून ओढून काढून त्याचं डोकं चाकावर आपटलं होतं. मुकादम त्यांच्याशी बोलताना दोन हात लांब उभा राहायचा. बाहेर भांडायला कुणी सापडलं नाही, की घरात आक्का होतीच.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या हिवाळ्यात मी तिला कायमची घेऊन यायला गेलो. तिच्या कानातून रक्त आल्याचं कळलं होतं. तिनं लोखंडी पेटी भरून दाराशी ठेवली होती आणि तेवढ्यात दाजी पाळीवरून आले. "कुठं चालवलीस तिला, मास्तर?" एवढंच विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत मी जमिनीवर होतो. तोंडात रक्त आणि दात. मग त्यांनी त्या पेटीला लाथ घातली. एक, दोन, किती ते आठवत नाही... पत्रा आत गेला. खोलीभर फिरत ते ओरडत राहिले आणि मला खालून दिसत होतं, की फरशीवर त्यांच्या पावलांचे लाल ठसे उमटताहेत. अंगठा चिरून नख लोंबत होतं. ठशांकडे बघून ते मलाच म्हणाले, "लय रक्त गेलं रे तुझं."

आक्का म्हणाली, "अहो, ते तुमचं हाय. पाय बघा."

त्यांनी पाय बघितला आणि हसले. "मला तर काय लागलंच नाय."

ते हसणं मला त्यांच्या ठोशापेक्षा भयंकर वाटलं. तो पाय तसा टाकून आक्का त्या दिवशी माझ्याबरोबर आली नाही. मी चिडून एकटाच परतलो.

अंगठा पुढं काळा पडला. घरात वास सुटला, ताप चढला, तेव्हा चार माणसांनी धरून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथं कळलं, की हा साखरेचा आजार आहे आणि बरीच वर्षं अंगात मुरला आहे. पायाची जाणीव त्यानंच खाल्ली होती. अंगठा कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर दाजींनी सलाईनचा स्टँड फेकला, ट्रे उधळला, वॉर्डबॉयच्या नरड्याला हात घातला. डॉक्टरीणबाई अंगानं बारीक होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. "मारा," त्या म्हणाल्या. "पण जेवण सुधारलं नाही, चालणं ठेवलं नाही, गोळी चुकवली, तर पुढच्या वेळी मी गुडघ्यापासून कापीन. मग लाथ कशानं मारणार?" दाजींनी वॉर्डबॉयला सोडलं. आयुष्यात पहिल्यांदाच असं कुणी भेटलं होतं, ज्याच्याशी मारामारी करून उपयोग नव्हता.

त्याच खाटेशी आक्कानं आपली अट घातली. मी तिथं होतो. आवाज न चढवता ती म्हणाली, "तुमचं पथ्य मी करीन. वेळेवर भाकरी देईन, पाय बघीन. पण एक चापट जरी माझ्या अंगावर पडली, तर त्या दिवसापासून चूल बंद. मग हॉटेलात जिलबी खा आणि कुजून मरा." दाजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

यानंतर माणूस एकदम सुधारला, असं मी लिहिलं तर आक्काच मला खोटं पाडेल. चहातली साखर गेली, भात मूठभर राहिला, जिलबी गेली, द्राक्षांच्या दिवसात द्राक्षं गेली. ज्वारी-नागलीची भाकरी, मेथी, शेपू, गवार, मटकी. आक्कानं त्यांचं वेगळं शिजवलं नाही, सगळ्या घरानंच ते खाल्लं. सुरुवातीचे महिने भुकेनं पिसाळलेले दाजी घरातली भांडी फोडत होते. तेव्हा लघवी तपासायची घरीच. निळं औषध काचेच्या नळीत घ्यायचं, त्यात थेंब टाकून स्टोव्हवर उकळायचं. निळंच राहिलं तर ठीक, हिरवं-पिवळं झालं तर वाईट, विटकरी झालं तर फारच वाईट. विटकरी रंग दिसला, की दाजी ती नळी भिंतीवर फोडायचे. आक्का काचा गोळा करायची, कारण अनवाणी पाय पडला तर... आणि नवी नळी आणायची. एकदा त्यांनी तिच्यावर हात उगारलाही. ती स्टोव्हकडे गेली आणि तिनं हवा सोडली. फुस्स आवाज झाला, स्टोव्ह विझला. दाजी तो हात तसाच घेऊन बाहेर पडले आणि एकलहऱ्यापर्यंत चालत गेले. तेव्हापासून ते कामावर पायीच जाऊ लागले. राग आला की चालायचे. रस्त्यानं स्वतःशीच शिव्या देत जाणारा हा धिप्पाड माणूस दिसला, की सायकलवाले वाट सोडत.

संध्याकाळी आक्का त्यांचं पाऊल मांडीवर घेऊन दिव्याच्या उजेडात तळवा तपासायची. कुठं चीर, कुठं फोड. याच पायानं तिच्या बरगडीत लाथ घातलेली होती. मी ते पाहायचो आणि मान फिरवायचो. दाजीही मान फिरवायचे.

अशी काही वर्षं गेली. वजन उतरलं, नळी बहुतेक निळीच राहू लागली. मग मालेगावचं ते लग्न झालं, दाजींच्या पुतणीचं. सकाळची गोळी घेऊन ते मांडवात बसले होते. वऱ्हाड उशिरा आलं, मग मानपानावरून रुसवा झाला, आणि पंगत काही बसेना. उन्हाचा तडाखा. आक्का आत बायकांत होती. मी पाहिलं, तर दाजींना दरदरून घाम फुटलेला, डोळे भलतीकडेच. त्यांनी उठून एका म्हाताऱ्याची गचांडी धरली, काहीतरी बरळले आणि त्याला खाली पाडलं. "हाऊ दारू पिसन उना शे!" दारू पिऊन आलाय म्हणून कुणीतरी अहिराणीत ओरडलं. वऱ्हाडातली तरणी पोरं धावली. कुणी खुर्ची घातली, कुणी मांडवाचा बांबू उपसला. मी मध्ये पडलो, मला बाजूला फेकलं. दाजींना हात वर करणंही जमत नव्हतं. ज्या माणसानं सगळ्यांना मारलं, तो माणूस पोत्यासारखा मार खात होता... आणि खरं सांगतो, ते मला बघवत नव्हतं.

आक्का आतून धावत आली ती सरळ त्यांच्या अंगावर पडली. बांबूचा एक घाव तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. "दारू नाय रे मेल्यांनो! साखर उतरलीय त्यांची! साखर द्या, साखर!" पोरं हसली. दारुड्याला साखर! मी आचाऱ्याकडं पळालो आणि बुंदीच्या पाकाचा गडू भरून आणला. त्यांना अजून गिळता येत होतं. आक्कानं एका हातानं त्यांचं डोकं उचललं, मोडका हात तसाच लोंबत होता, आणि थोडा थोडा पाक त्यांच्या तोंडात सोडला. वर्षानुवर्षं जी साखर तिनं या माणसापासून लपवली, तीच ती आता त्याला पाजत होती.

हळूहळू डोळ्यांत ओळख आली. भुवईतून रक्त गळत होतं. दाजी उठून बसले, मोडलेल्या खुर्च्या पाहिल्या, रडणारा म्हातारा पाहिला, आणि आक्काचं सुजलेलं मनगट पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मी केलं?" त्यांनी विचारलं.

"नाय," आक्का म्हणाली. "तुम्ही नाय केलं."

"खरं सांग. मीच केलं ना?"

"खरंच नाय हो."

त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मीही नाही म्हणून मान हलवली, तेव्हा तो माणूस भर मांडवात हमसून हमसून रडला.

डॉक्टरीणबाईंनी नंतर गोळी कमी केली आणि पुढं बंदही करून पाहिली. तीनेक वर्षं नुसत्या पथ्यावर आणि चालण्यावर निभावलं. वय वाढलं तशी गोळी पुन्हा लागली, तेव्हा दाजींनी चिडून पाण्याचा तांब्या अंगणात भिरकावला. "एवढं केलं ते वाया गेलं." आक्का म्हणाली, "वाया जातंय? पाय हाय ना अजून?" ते गोळी गिळून चालायला गेले. त्यांनी मला कधी 'चुकलं' म्हटलं नाही. आक्काला म्हटलं की नाही, ते मला माहीत नाही.

परवा नाशिकरोडला गेलो होतो. मधल्या खोलीत आम्ही दोघंच. मी न राहवून विचारलं, "आक्का, तू माफ केलं होतंस का त्यांना?"

ते मोडलेलं मनगट आता नीट वळत नाही, ती ते दुसऱ्या हातानं चोळत बसली होती. "माफ कशाला करू?" ती म्हणाली. "मी जगवलं त्यांना. आणि त्यांनी हात आवरला. तेवढंच झालं आमच्यात."

मग तिनं घड्याळाकडं पाहिलं, दाजींच्या भाकरीची वेळ झाली होती, आणि ती लगबगीनं उठली. परातीत पीठ घेतलं, एका हाताच्या जोरावर मळलं. पहिली भाकरी तव्यावर पडल्यावर तिच्या ध्यानात आलं. ती थांबली. मला वाटलं, आता रडेल. तिनं भाकरी उलटली, नीट फुगू दिली, आणि ताटात घालून माझ्यापुढं सरकवली.

"खा," म्हणाली. "वेळेवर खावं माणसानं."