तिथीची पाऊणपट

दर रविवारी सकाळी एक गृहस्थ विरारच्या किनाऱ्यावर वाळूतच गाडी लावत आणि फिरायला आलेल्या आम्हाला गाठत. तर्जनी नाचवत सांगत, "चंद्रामुळे भरती येते, हे आपल्या पूर्वजांनी जगाच्या आधी ओळखलं." जणू ओळखताना हेच शेजारी उभे होते.

एकदा बोंबील वाळत घालणारी मावशी म्हणाली, "दादा, आज तेरस. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पावनेधाला पानी भरंल, गाडी काढा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. व्याख्यान चालू राहिलं.

दहाला गाडीची चाकं पाण्यात होती आणि साहेब फोनवर क्रेनवाला शोधत होते.

मावशी बोंबील उलटवत म्हणाली, "तुमचे पूर्वज आमालाच सांगून गेले वाटतं."