काळ्या दाण्याच्या पांढऱ्या लाह्या

दीपनगरला आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये दोंडाईचाकडची एक म्हातारी मुलाकडे राहायची. सगळ्या तिला अक्का म्हणत. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मागच्या एवढ्याशा परसात ती लाह्यांचा मका लावायची. बोटभर कणसं आणि काळेकुट्ट दाणे. वीज केंद्राच्या चिमणीची राख पानांवर बसली, की ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची, लेकराचं तोंड पुसावं तशी.

एकदा नागपंचमीला तिने माझ्यासमोर ते दाणे तापल्या कढईत टाकले. काळा दाणा तडकला आणि पांढराशुभ्र होऊन उडाला. मी सहसा कशाचं नवल करत नाही, पण तेव्हा तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

नव्वदच्या सुमारास मुलाची बदली झाली. निघायच्या दिवशी आम्ही शेजारणींनी तिच्या सुनेची ओटी भरली. एवढ्यात अक्का ओंजळभर काळे दाणे घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"पदर पसर."

एकीने हातातलं हळदीकुंकवाचं तबक मागे घेतलं. विधवेने ओटी भरायची नसते. मीही घुटमळले.

अक्काने आपल्या कुंकू नसलेल्या कपाळाला बोट लावलं. "माती हात देखस, पोरी. कपाय नही."

मी पदर पसरला. मग माझ्यामागे एकेकीने पसरला.

ते दाणे आम्ही आपापल्या परसात पेरले. पुढल्या वर्षी नागपंचमीला आमच्या ओळीतल्या घराघरांतून तडतड ऐकू येत होती, आणि प्रत्येक घरी नागोबापुढची पहिली मूठ अक्काच्या लाह्यांची होती.