एका बाईचे सात नंबर

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. लिहिण्याचा सराव स्टेशन डायरीचा, तेव्हा इथे शोभेची वाक्यं मिळणार नाहीत.

एके सकाळी हजेरी संपते न संपते तोच परराज्यातलं पोलीस पथक ठाण्यात आलं. बँकेतून बोलतोय असं सांगून कोणीतरी तिकडच्या एका पेन्शनर गृहस्थांना फोनवरून लुबाडलं होतं. तो नंबर निघाला कसबा पेठेतल्या एका बाईच्या नावावर. तिच्या नावावर असे सात नंबर होते. पथकाला ती ताब्यात हवी होती, दोन दिवसांचा प्रवास करून तिकडे न्यायला.

मी तिला घेऊन आलो. साठी उलटलेली, एकटी. दुकानदारांची तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून द्यायची.

"मोबाईल कुठाय?" मी विचारलं.

"मोबाईल नाही हो साहेब. कार्ड आहे." रेशनकार्डाच्या पिशवीतून तिने सिम कार्ड काढलं. "रेशनवाले म्हणाले नंबर जोडा, गॅसवाला म्हणाला नंबर द्या, दवाखान्यातही तेच. म्हणून घेतलं. लागलं तर शेजारणीच्या फोनात घालते."

आमचे वरिष्ठ म्हणाले, "कंपनीच्या नोंदीत अंगठा तिचा, फोटो तिचा. आपण कशाला अडवायचं?"

"साहेब, सात फोनांचा धंदा करणारी बाई भांडी कशाला घासेल?"

"ते कोर्टात सांगा."

मी हट्टाला पेटलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला हजर करतो, असं स्वतःच्या सहीने लिहून दिलं आणि पथकाकडून तेवढी मुदत घेतली.

कार्ड कुठे घेतलं, हे बाईंना नीट आठवत होतं. रेशन दुकानासमोर, छत्री लावून बसणाऱ्याकडे. त्याच्या शेजारी बसणारा चांभार माझा जुना खबरी. तो म्हणाला, "छत्रीवाला कार्डावर स्टीलची बाटली फुकट देतो साहेब. पण म्हाताऱ्या बायकांना फार वेळ उभं करतो. तेवढ्यात माझा चपलेचा तळ बसवून होतो."

छत्रीवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी उचलला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. मी हात लावला नाही. चहा मागवला आणि म्हणालो, "मला एक कार्ड विकून दाखव."

त्याने अंगठा घ्यायचं मशीन पुढे केलं. मी अंगठा ठेवला.

"नाही आला काका, परत ठेवा."

"का नाही आला?"

तो मशीनची काच पुसायला लागला. मी पुन्हा विचारलं. तेव्हा नाइलाजाने हसला. "तुम्ही विचारलंत ना. विचारणाऱ्याला आम्ही एकच कार्ड देतो."

मग सगळं बाहेर आलं. भांडी घासून, मजुरी करून ज्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्यात, त्यांचा अंगठा रेशनच्या मशीनवर चार-चार वेळा ठेवावा लागतो. त्यांना त्याची सवय झालेली. म्हणूनच हा रेशन दुकानासमोर बसायचा. 'नाही आला' म्हणून परत ठेवलेल्या प्रत्येक अंगठ्याला एक फोटो, एक नवं कार्ड. बाईच्या हातात एक, बाकीची याच्या पिशवीत.

"आणि घेतं कोण एवढी?"

"इंटरनेटवर खाती उघडणारे. एका खात्याला एक नंबर लागतो. कोड आला की काम झालं, कार्ड फेकून द्यायचं. रोज नवी मागतात, मला पुरवता येत नाहीत."

इंटरनेट आलं तेव्हा मला वाटलं होतं, आता टेलिफोनची गरज संपली. आमच्या लहानपणी अख्ख्या गल्लीत एकही फोन नव्हता. आणि इथे पाच मिनिटं वापरून फेकायला नंबर हवेत, तेही गरिबाच्या नावावर. अंगठे चोरणाऱ्याला मी मनसोक्त शिव्या दिल्या. कार्डं विकत घेणारे मात्र त्याला फक्त टोपणनावाने माहीत होते. ते शेवटपर्यंत सापडले नाहीत. मोबाईल कंपनीच्या साहेबांनी कळवलं की आमच्याकडची कागदपत्रं नियमानुसार आहेत. असणारच.

पिशवीत शेकडो कार्डं मिळाली. पंचनामा झाला. पथकालाही पटलं. बाई आता आरोपी नव्हती, फिर्यादी होती. मी भराभर फिर्याद लिहिली आणि शाईचा पॅड तिच्यापुढे सरकवला.

तिने हात पदरातच ठेवला. "आधी वाचून दाखवा."

"अहो बाई, तुमच्याच बाजूने लिहिलंय."

"तरी वाचा. सगळं."

पथकाला निघायची घाई होती. तरी मी वाचायला लागलो. दुसऱ्या पानावर तिने थांबवलं. "ते काय म्हणालात?"

मी परत वाचलं, 'सदर सिम कार्डे मी स्वखुशीने घेतली.'

"कार्डे नाही, कार्ड. आणि स्वखुशीने नाही, सगळे मागत होते म्हणून."

मुद्दाम लिहिलं नव्हतं. हाताला वळण पडलं होतं, प्रत्येक जबाबात 'स्वखुशीने' लिहायचं. त्या एका ओळीवर उद्या कोणत्याही वकिलाने तिला पुन्हा आरोपी केलं असतं. मी ओळ खोडली, बाजूला सही केली, नवी लिहिली आणि तीही वाचून दाखवली. मग तिने अंगठा दिला.

इतक्या वर्षांच्या नोकरीत किती अडाणी माणसांचे अंगठे मी वाचून न दाखवता कागदावर घेतले, ते मला सांगता येणार नाही. छत्रीवाल्याला दिलेल्या शिव्या मी मागे घेत नाही. पण त्यातल्या काही माझ्या वाट्याच्या होत्या, हे मला त्या टेबलाशी कळलं. पुढे निवृत्तीपर्यंत वाचून दाखवल्याशिवाय मी अंगठा घेतला नाही. सहकारी म्हणायचे, वेळ फार घालवता. घालवत होतो.