दारापलीकडची ठकठक

शाळेच्या दप्तरी ती मदतनीस होती, पण पोरं तिला शूमावशी म्हणायची. मोठ्या बाईंना ते नाव पटायचं नाही. त्यांनी एकदा प्रार्थना झाल्यावर सगळ्यांना सांगून पाहिलं, की मावशींना नुसतं मावशी म्हणत जा. पोरांनी माना डोलावल्या आणि मधल्या सुट्टीत पुन्हा तेच. मावशी म्हणाली, राहू द्या बाई, राजालासुद्धा लागते, आणि लागली की तो कुठला राजा राहतो.

सहलीच्या दिवशी तिचा रुबाब बघावा. खांद्याला मळकी पिशवी, तिच्यात जास्तीच्या चड्ड्या, रद्दी, साबणाचा तुकडा, प्लास्टिकचा मग. बस सुटायच्या आधी एकूण एक पोराला ती जाऊन यायला लावायची. कुणी म्हणालं, मला नाही लागली, तर म्हणायची, जी आत्ता लागत नाही ती बस सुटल्यावर लागते. गाडीत बसली की तिचे डोळे पोरांच्या पायांवर. पायाला पाय घासणारं, उगाच खिदळणारं, बोलता बोलता एकाएकी गार पडणारं, सगळ्यांची दुखणी तिला पाठ. मग केबिनच्या पत्र्यावर धाडकन थाप मारायची. ड्रायव्हर करवादायचा, की ही बस आहे का मुतारी. ती म्हणायची, बाबा, मुतारी होऊ नये म्हणूनच थांबवते.

पण तिची खरी रीत होती ती दाराची. पोर आत गेलं की कडी लावू द्यायची नाही. दार बाहेरून स्वतः ओढून धरायची आणि सांगायची, दार मी धरते, तोंड तू चालू ठेव. आतलं पोर जे सुचेल ते बडबडत बसायचं. बाबा घोरतात कसे, आजीनं दात कुठं लपवले, काकू कुणाशी भांडून माहेरी गेली. घराघरांतली बिंगं त्या दारातून तिच्या कानांवर यायची आणि कानातच मुरायची. आवाज थांबला की हिचा जीव टांगणीला. हाक मारायची, उत्तर नाही आलं तर दार ढकलायची.

ही खोड लहानपणची. तिच्या गावात बायाबापड्या अंधारात वस्तीबाहेर जायच्या, त्या एकमेकींना हाका देत. कुणी गप्प झाली तर बाकीच्या उठून बघायला जायच्या. एकीला मागं ठेवून परत फिरायचं नाही, हा कायदा. तो तिच्या हाडात उतरला होता. घरी सून बिचारी न्हाणीघरात गेली, की बाहेरून हिचं सुरू, आहेस का गं? सून एकदा वैतागून म्हणाली, नाही, मोरीतून वाहून गेले. हसली दोघीही, पण मावशी दारापासून हलली नाही.

त्या वर्षी पहिलीत एक मुलगी आली. ती शाळेत चकार शब्द बोलायची नाही. घरी बोलते असं तिची आई सांगायची, पण शाळेच्या फाटकाशी आली की ओठ शिवल्यासारखे. पोरांनी तिचं नाव पाडलं गप्पी. ती लागलेलंही सांगायची नाही. दिवसभर धरून ठेवायची. त्यापायी एकदा ताप भरून दवाखान्यात पडली होती. सहलीच्या सकाळी आई बसपाशी आली, मावशीचा हात धरला आणि म्हणाली, "समोर कुणी उभं राहिलं तर तिला होतच नाही. आणि दाबून धरलं की परत आजारी पडेल. तुम्ही काहीतरी करा."

मावशी म्हणाली, "कोरडी नेते, कोरडी आणते. जा तू."

सहल होती जुन्या संग्रहालयाची. दगडी इमारत, आत काचेमागं नाणी, भांडी, गंजक्या तलवारी. दुपारी डबे खाऊन झाले तरी गप्पी गेलेली नव्हती. बाकावर गुडघे जुळवून बसली होती, कपाळावर घामाचे थेंब. मावशीनं तिला उठवलं आणि मागच्या अंगाला नेलं.

मागं संडासांची लांबच लांब ओळ होती. फार जुनी. पूर्वी डब्याचे संडास होते, मागून बुटक्या झडपेतून डबे ओढून न्यायचे. आता आत फरशी घातली होती, पण झडपा तशाच राहिल्या होत्या, पाण्याच्या पिंपांच्या आड. मावशीला त्या दिसल्या नाहीत. शेवटचा संडास तेवढा स्वच्छ होता, म्हणून तिनं पोरीला तिथं नेलं.

आता पंचाईत ही, की आत उभं राहायची सोय नाही आणि पोरगी बोलायची नाही. मावशी खाली बसली, पोरीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "बोलू नको. मी विचारीन, तू आतून ठोक. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही." पोरीनं मान हलवली आणि आत गेली. मावशीनं दार ओढून धरलं.

आहेस ना, असं विचारलं. एक ठोका. बसलीस का? एक ठोका. मग ती नेहमीसारखी इकडचं तिकडचं विचारत बसली. भीती वाटते का? दोन ठोके. वा, शूर आहेस. डबा संपवलास का? दोन ठोके. आईला सांगू का? दोन ठोके, जरा घाईनं. मावशीला हसू आलं. झालं का गं? दोन ठोके. बरं, सावकाश होऊ दे. व्हरांड्यात ऊन तिरपं झालं, मावशीचा हात अवघडला, तिनं दुसऱ्या हातानं दार धरलं. झालं का? दोन ठोके. बाहेर यायचं नाही का तुला? यावर मात्र जोरात ठोके पडले. दोन. म्हणजे यायचं होतं.

तेवढ्यात वर्गशिक्षिका कोपऱ्यावरून डोकावल्या. म्हणाल्या, "मावशी, इथं काय करताय? सगळी रांगेत उभी आहेत."

"गप्पी आत आहे."

"ती कधीची आली. मागच्या बागेतून आली एकटीच, नळावर हात धुऊन. चला."

मावशीनं मान वळवून पाहिलं. रांगेत गप्पी उभी होती. फ्रॉक कोरडा, हात ओले, चेहरा मोकळा. पिंपाआडच्या झडपेतून ती का निघून गेली, हे तिनं पुढं कधी सांगितलं नाही. ती काहीच सांगायची नाही.

मावशीचा हात अजून दारावर होता. तिनं हळूच विचारलं, "आहेस का?"

आतून एक ठोका आला.

तिनं दार सोडलं आणि रांगेकडं पळत सुटली. वाटेत झाडू मारणारी बाई भेटली. तिला विचारलं, की शेवटच्या संडासात कोण आहे. त्या बाईनं झाडू थांबवला नाही. म्हणाली, "तुम्ही बोललात होय तिच्याशी? आम्ही नाही बोलत. विचारलं की उत्तर देते, मग थांबत नाही."

"कुणाची पोर?"

"कोण जाणे. मी कामाला लागले तेव्हापासून आहे. जा तुम्ही, गाडी निघेल."

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. शिक्षिकेनं पोरं चढवली, डोकी मोजली, भरली. कुणीही मागं राहिलेलं नव्हतं. मावशीनं पायरीवर एक पाय ठेवला. शहाणं माणूस असतं तर त्यानं दुसराही ठेवला असता. कुणी तिला बोल लावला नसता. पण तिच्या पाठीत थंडी भरली ती भीतीनं नाही. इतक्या वर्षांत किती बाया त्या दारासमोरून गेल्या असतील, झाडून, पुसून, नाक दाबून. एकीनंही दार उघडून बघितलं नाही. आणि आपणच म्हणालो, दार मी धरते.

ड्रायव्हरला म्हणाली, थांब, एक राहिलंय. तो म्हणाला, मोजून झालं की. ती म्हणाली, तुझं झालं असेल.

ती परत गेली. व्हरांड्यात कुणी नव्हतं. झाडूवाली लांब उभी राहून बघत होती. मावशीनं दार धरलं, आणि ते तिला जड लागलं, आतल्या बाजूनं पोर रेलून बसलं की लागतं तसं. तिनं आवाज नेहमीसारखाच काढला. म्हणाली, "झालं असेल नसेल, ऊठ आता. उशीर झालाय. मी बघत नाही, तोंड तिकडं करते. ये."

ठोका आला नाही. तिनं दार सताड उघडलं, भिंतीकडं तोंड केलं आणि उभी राहिली. आत कुणी आहे का, हे तिनं वळून बघितलं नाही. पुढं कुणी विचारलं की सांगायची, पोरीला लाज वाटते, कसं बघणार? तिच्या पदराला ओढ बसली का, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही. दार आपसूक भिंतीला जाऊन टेकलं, एवढंच म्हणायची.

नळाशी ती थांबली. नळ सोडला, थोडा वेळ तसाच वाहू दिला आणि बंद केला.

बसमध्ये मागच्या बाकावर गप्पी खिडकीपासून हातभर अंतरावर बसली होती. मावशी आली तशी तिनं आधी मावशीकडं बघितलं, मग मावशीच्या शेजारी, खाली, कमरेएवढ्या उंचीवर बघितलं. फ्रॉक आवरून पार खिडकीला चिकटली. मधे जागा झाली. मावशी कडेला बसली.

शिक्षिकेनं विचारलं, आलं का सगळं? मावशी म्हणाली, आलं.

गाडी घाटाला लागली. पहिल्याच वळणावर बस कलली, तशी मावशीनं सवयीनं हात आडवा धरला. गप्पीपर्यंत तो पोचत नव्हता. मधल्या जागेपुढंच तो राहिला, आणि घाट संपेपर्यंत तिनं काढला नाही.