मुठीची बाजरी

आमच्या मोशी गावात बायका जात्यावर बसायच्या आधी एक मूठ बाजरी वेगळ्या मडक्यात टाकायच्या. पुरुषांना हे ठाऊक होतं आणि ते ठाऊक नसल्यासारखे वागायचे, तेवढा शहाणपणा त्यांच्यात होता. अमावास्येला सगळी मडकी थोरल्या काकूच्या पडवीत रिकामी व्हायची. धान्य कुणाला जायचं ते काकू ठरवायची. कधी बाळंतीण, कधी नवऱ्यानं टाकलेली बाई, आणि तीन वर्षं मी.

गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढची चिंचवडला. मला सातवीची परीक्षा द्यायचीच होती. चिंचवडला आईची मावसबहीण होती, पण ती मावशी फुकट जेवू घालणाऱ्यांतली नव्हती. वडील गेलेले, आईच्या वाट्याला नदीकडेचा एक तुकडा. तेव्हा काकूनं सगळ्या बायकांसमोर सांगून टाकलं, "आमी अंगठं उठवलं ते उठवलं. एक तरी पोरगी वाचणारी नगं का गावात?" तेव्हापासून दर महिन्याला माझ्या नावाचं एक छोटं पोतं चिंचवडला जाऊ लागलं.

मी सातवीत असताना माझी आक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुठीच्या धान्यावर बाळंतिणीचा हक्क पहिला, पण तो गावच्या सुनांचा. लग्न झालेली लेक दुसऱ्या गावची, तिचं तिथल्या बायका बघतील, असं आमच्या बायकांनी धरलं. आक्काच्या सासरच्या बायका म्हणाल्या, पहिलं बाळंतपण माहेरचं, माहेर बघेल. यात दुष्ट कुणीच नव्हतं. कुणी सापडलं असतं तर मला बरं झालं असतं.

आईनं तोंड उघडलं नाही. एका घरानं दोनदा हात कसा पसरायचा? थोरलीचं मागितलं तर धाकटीचं बंद होईल, ही तिची धास्ती. आपली मूठ मात्र ती रोज मडक्यात टाकत राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले. आक्का बाजेवर होती. डिंक नाही, खारीक नाही, वाटीत पाण्यासारख्या पातळ कण्या. पोर छातीला लावलं की रडायचं, दूध येत नव्हतं. माझं पोतं दाराशी बांधून तयार होतं. मी तिथंच घुटमळले तशी आक्का म्हणाली, "घिऊन जा तुझं. माझं काय, चार दिसांचं हाय." मला सगळं दिसत होतं. मी पोतं गाडीत ठेवलं.

पंधरा दिवसांनी निरोप आला. आक्काला भरलेला ताप उतरलाच नाही. पिंपरीला तेव्हा औषधांचा कारखाना उभा राहत होता, आमच्याकडे सुईण होती आणि अंगारा होता. पोर तिच्या दोन दिवस आधी गेलं.

तेराव्याला काकू येऊन आईसमोर बसली. "चुकलं आमचं," म्हणाली, "लेक काय परक्या गावची व्हती व्हय?" त्या अमावास्येपासून माहेरवाशिणीचा वाटा सगळ्यांत आधी निघू लागला. पुढे कितीतरी लेकींना तो मिळाला. अजूनही कुणीतरी मला हे कौतुकानं सांगतं आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायची वाट बघतं. मला काही वाटत नाही. तेव्हाही वाटलं नव्हतं.

उठताना काकूनं विचारलं, "धाकटीचं चालू ठिवायचं न्हवं?" आईनं माझ्याकडे न बघता मान डोलावली.

मी पोतं घेऊन चिंचवडला गेले. मावशीनं त्यातलीच बाजरी दळली, भाकरी थापली, माझ्या ताटात टाकली. ती घशाखाली उतरू नये असं मला फार वाटत होतं. ती उतरली. मग मी दुसरी मागितली.