रेघेपलीकडचा पाचोळा

आमच्या घरात भूत हा शब्द निघाला तर बाबा ताटावरून उठत. मी नागपूरला मिशनच्या हॉस्टेलमध्ये राहून इंग्रजीतून शिकले. तिथे असल्या गोष्टी म्हणजे निव्वळ इग्नोरन्स. तेव्हा मी असलं काही मानत नव्हते, हे आधीच सांगते. आजही काय मानावं ते ठाऊक नाही. जे पाहिलं तेवढंच लिहिते... छापायचं की नाही ते संपादकांनी ठरवावं.

आमचं गाव चामोर्शीपासून बैलबंडीने अर्ध्या दिवसावर, जंगलाच्या कडेला. नाव देत नाही, कारण आम्ही अजून तिथेच राहतो. बाबा शाळामास्तर आणि रविवारी उपदेशक. गावात ख्रिस्ती घर एकच — आमचं.

मोहाची फुलं गळायला लागली की तिथे गाव बांधतात. पुजारी शिवेवर राखेची रेघ ओढतो, कोंबडं कापतो, आणि दिवस मावळेपर्यंत गाव बंद. कुणी आत यायचं नाही, बाहेर जायचं नाही. चूलही पेटवायची नाही; धूर दिसला की रोगराईला घर सापडतं म्हणतात. आम्ही पूजेला तांदूळ देत नसू, पण शेजारधर्म म्हणून आई त्या दिवशी शिळंच वाढायची. त्यावर इतकी वर्षं निभावलं होतं.

त्या वर्षी मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी आले होते. दादा आलापल्लीला, लाकडाच्या डेपोवर. आणि नेमक्या बांधणीच्या दिवशी पहाटे वहिनीला कळा सुरू झाल्या. आईने पाणी तापवायला चूल पेटवली. दुसरं काय करणार होती?

धूर वर गेला तशी अंगणाबाहेर माणसं जमली.

"काऊन जी मास्तर, गावाले खाता काय?" शेजारच्या गिरजाबाई ओरडल्या. ह्याच बाई वहिनीला डोहाळे लागल्यापासून कवठाची चटणी आणून देत होत्या.

"बाई, सुनेची वेळ आली आहे," बाबा म्हणाले.

"आमच्या सुना बाळंत होत नाईत काय? तुमचीच मोठी मडम लागून गेली!"

कुणीतरी हसलं. एक दगड कौलावर पडला. मी खिडकीच्या फटीतून एकेक चेहरा बघत होते. अनोळखी त्यात कुणीच नव्हतं.

दुपारी आईने बाबांना हळूच सांगितलं, मूल आडवं आहे. दवाखान्यात नेलं नाही तर दोघंही जातील. बाबांनी स्वतः बंडी जुंपली. आई वहिनीला धरून मागे बसली, मी बाबांच्या शेजारी.

मोहाच्या मोठ्या झाडाजवळ वाट रेघेला मिळते. सगळं गाव तिथे उभं, काहींच्या हातात काठ्या. मला वाटलं, आता मारतात. पण लखमा पुजारी बाजूला झाला आणि त्याच्यामागे सगळेच.

"जा ना मास्तर. आमी कुठी अडवून राह्यलो?" तो शांतपणे म्हणाला. "अडवणारं रेघेच्या पल्याड उभं आहे."

बैल रेघेशी आले आणि थांबले. रोज ह्याच वाटेने जाणारे बैल. त्यांची कातडी थरथरत होती, तोंडाला फेस आला होता. बाबांनी काठी मारली तर ते मागे सरले. रानकिड्यांची किरकिर एकाएकी बंद पडली. भर उन्हात माझ्या दंडावर काटा उभा राहिला — थंडीने, खरोखरच्या थंडीने.

मी बाबांकडे पाहिलं. अधिकार एकाचाच, मग भ्यायचं कुणाला? — हे ते दर रविवारी सांगत. आता त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. बाबा भ्याले होते.

"कुठी गेला तुमचा देव, मास्तर? बोलवा ना!" गिरजाबाईंचा आवाज.

मागून वहिनी मला म्हणाली, "रूथबाई... मले इथी नका मरू देऊ."

हॉस्टेलच्या प्रार्थनेत माझी पाळी आली की मी खोकल्याचं निमित्त काढत असे. मी खाली उतरले. पाठ असलेल्या इंग्रजी प्रार्थनांतला एक शब्द आठवेना. भीती गेली नव्हती, हे नीट लिहिते. फक्त एवढं कळलं, की बाबांचं ते वाक्य बाबांच्या धीरावर टेकलेलं नव्हतं. माझ्याही नाही.

राखेला पायाची बोटं लावून मी बोलले, ज्या बोलीला हॉस्टेलच्या मुली हसायच्या त्याच बोलीत. "तू कोण आहेस मले माहीत नाई. येशूच्या नावानं सांगतो, बाजूले हो. आमाले जाऊ दे."

आवाज चिरकला. कुणीतरी फिसकन हसलं.

समोर वाटेवर वाळका पाचोळा होता. वारा नव्हता. त्या पाचोळ्यात पाऊल पडावं तसा चुरा झाला. मग आणखी एक, जरा बाजूला... जड, सावकाश, मनाविरुद्ध टाकल्यासारखं. वाट सोडून झुडपांकडे. दिसलं काहीच नाही. पण मी आवाजामागे मान वळवली तेव्हा लखमाची, गिरजाबाईंची, सगळ्या गावाची मान तिकडेच वळत होती.

बैल आपणहून चालू लागले.

वहिनी वाचली. मुलगी झाली.

परत आलो तर कुणी बोलेना. चटणी बंद झाली. फक्त लखमाने एकदा विहिरीवर गाठून विचारलं, "बाई, ते तुले पाहून सरकलं नाई. तुह्या मागं पाहून राह्यलं होतं. मागं कोण होतं?"

मी मागे पाहिलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याने रेघ ओढली ती आमच्या घराच्या अलीकडून. घर गावाबाहेर पडलं.

"तुमाले कायचं भेव?" गिरजाबाई हसल्या. "तुमचं तं ऐकते ते."

त्या दुपारी चुलीवर भात होता, भाची ओट्यावर रांगत होती. कुंपणापलीकडे पाचोळा वाजला. आईचा हात थांबला. आमच्याभोवती ना रेघ, ना राख. ह्या वेळी येशूचं नाव बाबांनी घेतलं, मोठ्याने. पाचोळ्याचा आवाज कुंपणाशी थांबला. आत आला नाही... गेलाही नाही. आम्ही पानं मांडली आणि जेवलो.

ते जनावर होतं, आमचा सगळ्यांचा भास होता, की गाव म्हणतं तेच — मला सांगता येत नाही. विचारायला गावात आमच्याशी बोलणारंही कुणी उरलेलं नाही.

मोह पुन्हा गळायला लागलाय. आईने आज बांधणीच्या दिवसाचं सरपण घरात आणून ठेवलं.