केनीचा पट्टा

सांडोरला आमच्या आळीत पुरुष माणूस गेला की त्याचे कपडे गरजूंना दिले जातात, बूट एखाद्या पुतण्याच्या पायाला होतात, पण कमरेचा पट्टा मागे उरतो. त्याच्या एका भोकाला त्या माणसाच्या पोटाचा आकार पडलेला असतो. तो दुसऱ्याने बांधावा असं कोणाला वाटत नाही आणि टाकून देववतही नाही. मग तो कागदात गुंडाळून बॅप्टिस्टच्या हवाली करतात. हे कोणी ठरवलं ते मला माहीत नाही. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून असंच चालू आहे.

बॅप्टिस्ट आमच्या आळीचा सुतार. साठी ओलांडलेला, काटकुळा, बोलण्यात कंजूष. केळीच्या वाडीला लागून त्याची पत्र्याची शेड आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दुपारची तिथे जाऊन बसते. घरात मालिका बघण्यापेक्षा रंध्याचा आवाज बरा. तो मला टीचर म्हणतो आणि माझं काहीएक ऐकत नाही.

सातिवलीचा एक कारखाना बंद पडला तेव्हा त्याने भंगारातून एक वाइस आणला होता. वाइस म्हणजे बाकाला बसवलेला लोखंडी शिकंजा. दांडा फिरवला की दोन जबडे जवळ येतात आणि लाकूड मधे घट्ट बसतं. पण नुसतं लोखंड लाकडाला चावतं, म्हणून जबड्यांना आतून काहीतरी मऊ लावावं लागतं. यावरून आमचा कायमचा वाद. मी त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर सुचवलं, तर म्हणाला त्याचा काळा डाग पडतो. हौसेने गालिच्याचा तुकडा नेऊन दिला, तर लाकूड त्यावरून सटकलं आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच धक्का मारला होता. बूच चांगलं, पण त्याचा लवकर भुगा होतो. नव्या चामड्याचा रंग सुटतो. त्याच्या मते एकच खरं, माणसाच्या अंगावर वापरलेलं चामडं.

"घाम पिऊन पिऊन ते शहाणं होतं, टीचर. किती दाबायचं ते त्याला कळतं."

म्हणून ते पट्टे. पट्ट्याचे दोन तुकडे कापायचा, नक्षीची बाजू लोखंडाला चिकटवायचा आणि गुळगुळीत पाठ लाकडाकडे ठेवायचा. कामाला लागला की ज्याचा पट्टा त्याचं नाव घ्यायचा. मी विचारायचे, "आज कोण धरून बसलंय?" तो म्हणायचा, "लेस्ली." लेस्लीला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. "बरा धरतो," बॅप्टिस्ट म्हणायचा, "पण जेवणाची वेळ झाली की सैल पडतो." जिवंतपणीही लेस्ली तसाच होता, म्हणून मी हसायचे. पण एकदा दुपारी दांड्याला कोणाचा हात नसताना तो गोल फिरून खाली आला आणि जबड्यातली फळी निसटून पडली, तेव्हा मला हसू आलं नाही. मी घड्याळाकडे बघितलं नाही. बघायचं नव्हतंच मला.

माझ्या शेजारच्या घरात कॅरल राहते. तिचा नवरा केनी गेल्या वर्षी वारला. चर्चच्या गायकवृंदात त्याचा आवाज सगळ्यांत वर. लग्नात पहिला नाचणारा, मयतीत पहिला खांदा देणारा, असा तो सगळ्यांचा लाडका. त्याचा पट्टा कॅरलने स्वतः आणून दिला. कागदात गुंडाळून वर सुतळी आवळली होती, गाठीवर गाठ. "हा नाय वापरला तरी चालेल, दादा," म्हणाली. बॅप्टिस्टने तो खुंटीला टांगला आणि विसरला.

त्यांची एकुलती एक मुलगी एलिसा जूचंद्रला फ्लॅटमध्ये राहते. तिला दिवस गेले आणि तिने घरातला जुना सागवानी पाळणा मागितला. ती लहानपणी त्यातच झोपलेली. पाळण्याच्या कठड्याचे चपटे गज मोडले होते, ते नवे करायला पाळणा बॅप्टिस्टकडे आला. एलिसा स्वतः घेऊन आली, जड पावलांनी, मागे कॅरल. एलिसाने शेडभर नजर फिरवली आणि खुंटीवरचं पुडकं तिला बरोबर दिसलं.

"अंकल, हा पप्पाचा ना? मग हाच लावा. पप्पाने धरलेला पाळणा पाहिजे मला. बाळाला नाही बघता आलं त्याला, निदान पाळणा तरी त्याच्या हातून जाऊ दे."

किती गोड बोलली पोरगी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कॅरल मात्र पटकन म्हणाली, "बूच लावा, दादा. बूच बरं असतं."

"मम्मी, प्लीज."

 कॅरलने उजव्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढली. त्या हातावर आतल्या बाजूला एक जुना वण आहे, मधे एक रेघ आणि दोन्हीकडे तिरक्या बारीक रेघा, माशाच्या काट्यासारख्या. नाताळच्या केकच्या भट्टीत जाळीचा चटका बसला, असं ती सांगते. एलिसा लहानपणी त्याला मम्मीचा मासा म्हणायची आणि त्यावर बोट फिरवल्याशिवाय झोपायची नाही. हे आळीत सगळ्यांना ठाऊक आहे.

दोघी गेल्यावर बॅप्टिस्टने गाठी कापल्या आणि पट्टा वाइसला लावला. नेहमीप्रमाणे नक्षी आत, गुळगुळीत पाठ बाहेर. दुसऱ्या दिवशी मी गेले तर तो दारात उभा होता. शेडमध्ये वारा नव्हता. केळीची पानंसुद्धा हलत नव्हती.

"जबडे उघडे ठेवून गेलो होतो, टीचर. सकाळी बघतो तर मिटलेले."

"तूच विसरला असशील."

"चाळीस वर्षांत नाय विसरलो."

मी त्याची टिंगल केली, पण बसले ती दाराजवळच्या स्टुलावर. त्याने पहिला गज धरला, दांडा नेहमीसारखा हलका फिरवला, कड घासली, गज सोडवला आणि उजेडात धरला. सागवानावर ठसा उमटला होता. मधे एक रेघ, दोन्हीकडे तिरक्या रेघा.

"नक्षी दाबली गेली असेल आतून," मी म्हटलं.

 त्याने ठसा घासून काढला, तर ठशाखालून ठसा. दुसरा गज घेतला, दांडा अर्धाच फिरवला, तरी तेच. मग त्याने माझ्यासमोर एक जबडा सोडवला, त्यावरचा पट्टा उचकटला आणि दाखवला. लाकडाकडची पाठ गुळगुळीत होती. माशाच्या काट्यासारखी नक्षी लोखंडाच्या बाजूला होती आणि तिच्यावर गोंदाचा जाड थर सुकलेला होता. तिथून लाकडापर्यंत काही पोचणं शक्य नव्हतं.

मी ती नक्षी बघत बसले. कॅरलच्या हातावरचा मासा तो हाच. भट्टीची जाळी चौकोनी असते. हे इतकी वर्षं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आळीच्या नाही, माझ्या नाही, त्या पोरीच्या तर नाहीच. आणि ती पोरगी थोड्या वेळात गज बघायला येणार होती.

"काढ तो पट्टा," मी बॅप्टिस्टला म्हटलं. "बूच लाव. हे गज जाळून टाक. तिच्या मनात बाप आहे तसा राहू दे. असल्या दिवसांत नको तिला हे."

यावेळी त्याने माझं ऐकलं. बुचाचं माप घेण्यापुरता उचकटलेला तुकडा परत बसवला, जबड्यांत तिसरा गज धरून बघितला आणि बुचाची पट्टी कापायला घेतली. गज सोडवायला गेला तर दांडा फिरेना. त्याने तेल सोडलं. हातोडीने ठोकलं. मीही लोंबकळले, या वयात. उलट जबडे आणखी जवळ येतायत हे दोघांनाही कळलं, कारण सागवान बारीक कुरकुरत होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

तेवढ्यात दारात एलिसा आणि कॅरल.

"अडकलंय, बाय," बॅप्टिस्ट म्हणाला. कपाळावरून घाम गळत होता. "उद्या ये."

"पप्पाची पकड," एलिसा हसून म्हणाली. "तो असाच होता ना, मम्मी? एकदा हात धरला की सोडायचाच नाही."

 कॅरलच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण भीती नव्हती. मग ती पुढे आली, वाइसपाशी थांबली आणि उजवी बाही कोपराच्या वर सारली. दांड्याला तिने हात लावला नाही.

"सोड," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. शेजारी राहूनही मी तो आवाज कधीच ऐकला नव्हता. केनीनेही ऐकला नसावा.

गज अजून कुरकुरत होता.

"केनी, सोड. बाळाचा पाळणा आहे. सोड म्हणते ना मी."

दांडा हलला. आपोआप अर्धा वळसा फिरला आणि आपल्या वजनाने खाली आला. जबडे उघडले आणि गज बाकावर पडला. बॅप्टिस्टने छातीवर क्रूसाची खूण केली. मी उठून उभी राहिले होते, ते मला नंतर कळलं.

एलिसाने गज उचलला. आम्हाला तो तिच्या हातून काढून घेता आला असता, पण कोणी हललं नाही. तिने ठशावर बोट ठेवलं आणि लहानपणीसारखं वरून खाली फिरवलं. मग पुन्हा. तिचं बोट मधेच थांबलं.

"मम्मीचा मासा," ती म्हणाली.

तिने आईचा हात हातात घेतला आणि गज त्या वणाशेजारी धरला. रेघेला रेघ जुळत होती. कॅरलने हात मागे घेतला नाही. एलिसा खाली बसली, भुशात, पोट सांभाळत, आणि आईच्या हाताला तोंड लावून रडायला लागली. कॅरल तिच्या केसांतून हात फिरवत एवढंच म्हणत होती, "झालं, बाय. झालं आता."

बॅप्टिस्टने दोन्ही जबड्यांवरचं चामडं खरवडून काढलं. नवे गज बुचात धरून केले. त्यांच्यावर काही उमटलं नाही. पाळणा जूचंद्रला गेला, त्यात आता एलिसाची मुलगी झोपते.

आळीत अजून पट्टे येतात. बॅप्टिस्ट घेतो, पण आता आधी गेलेल्याच्या बायकोला विचारतो, लावू का. परवा एकीने बराच विचार करून नको म्हटलं. त्याने कारण विचारलं नाही, पट्टा तसाच तिला परत दिला.